बंद कारखाना परत सुरू झाल्याचं खरं उदाहरण पाहिजे : फिनलंडच्या राउमा गोदीबद्दल

बदनापूरकर

राम राम मंडळी.

बदनापूरजवळ माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. शेडच्या कैच्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पाण्याच्या टाक्या, असली कामं करतो. वडील आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्यात सव्वीस वर्षं बॉयलरवर होते. कारखाना अवसायनात निघाला त्याला आता नऊ हंगाम झाले. मागच्या आठवड्यात वडलांना घेऊन गेलो होतो. वॉचमननं ओळखून आत सोडलं. ऊस टाकायच्या गव्हाणीत बाभळी उगवल्यात. वडील सरळ बॉयलरपाशी गेले, दाराला हात लावला आणि "गार पडलाय" एवढंच बोलले. परत येताना रस्ताभर गप्प होते.

पुढच्या महिन्यात सभासदांची बैठक आहे. काही जण म्हणायलेत, मशिनरी भंगारात काढा आणि देणी भागवा. काही म्हणतात भाड्यानं द्या. अशात एका मित्रानं फिनलंडच्या राउमा नावाच्या गावातल्या जहाजबांधणी गोदीची क्लिप पाठवली. खाली लिहिलेलं, "बंद पडलेली गोदी गावानं चालू केली." मी ती चार-पाचदा बघितली, पण त्यातून काही कळत नाही. गावानं म्हणजे नेमकं कोणी? मधल्या काळात यंत्रं कोणाच्या ताब्यात होती? पहिलं काम मिळायला किती वर्षं गेली?

बैठकीत उठून बोलायचं आहे, ऐकीव काही बोलायचं नाही. कोणाला माहीत असेल तर सविस्तर सांगा.

औसेकर

भाऊ, तुमची तळमळ कळते. माझे चुलतेही कारखान्यातच होते. पण एक गोष्ट आधी बघा. आपले कारखाने यंत्रं बिघडली म्हणून बंद पडले नाहीत. ऊस नव्हता, उसाला पाणी नव्हतं, वर कर्ज. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या गाडीसमोर घागरी घेऊन उभं राहिलेले लोक मी बघितलेत. गोदीला जहाजाची ऑर्डर म्हणजे आपल्याकडचा ऊस. राउमाला तो "ऊस" कुठून आला, हे कळल्याशिवाय ते उदाहरण बैठकीत सांगू नका. लोकांना खोटी आशा लागते.

अंबाजोगाईचा पाइपवाला

औसेकरांनी नेमकं विचारलंय. मी अंबाजोगाईचा. जहाजातल्या पाइपलाइनचे नकाशे करायचं काम करतो. एका ठेकेदार कंपनीकडून राउमात दोन हिवाळे काढले, ‘मायस्टार’ नावाच्या फेरी जहाजाचं काम चालू होतं तेव्हा. त्यामुळे काही गोष्टी डोळ्यांनी बघितल्यात, काही तिथल्या जुन्या माणसांकडून ऐकून नंतर तपासल्यात.

राउमा फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, बोथनियाच्या आखाताच्या काठी आहे. वस्ती चाळीस हजारांच्या आत, म्हणजे अंबाजोगाईपेक्षा लहानच. गावाचा जुना भाग सगळा लाकडी घरांचा, १९९१ पासून जागतिक वारसा यादीत. कामावरून येताना मी मुद्दाम त्या गल्ल्यांतून यायचो. दिवाळीनंतर दुपारी चारलाच अंधार पडतो आणि खिडक्यांत दिवे लागतात.

आता गोदी. दुसऱ्या महायुद्धात फिनलंड सोव्हिएत रशियाशी लढला आणि हरला. १९४४ च्या तहात ३० कोटी डॉलरची भरपाई मान्य करावी लागली. ती रोख द्यायची नव्हती, वस्तूंमध्ये द्यायची होती, आणि त्यात मोठा वाटा जहाजांचा. देश शेतीचा आणि जंगलाचा, एवढी जहाजं बांधायची सवय नाही. तरी नव्या गोद्या काढल्या. राउमातली होलमिंग ही गोदी १९४५ ची, सुरुवात रशियाला द्यायच्या लाकडी शिडाच्या जहाजांपासून. शेजारीच राउमा-रेपोला कंपनीची दुसरी गोदी. देशभर मिळून पाचशेहून जास्त जहाजं दिली आणि १९५२ च्या सप्टेंबरात भरपाई फेडून झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये हेलसिंकीला आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं होतं. ते हेलसिंकी म्हणजे हे कर्ज फेडत असलेल्या देशाची राजधानी, हे मला तिथं गेल्यावर कळलं.

कर्ज फिटलं, पण कारखाने उभे राहिले होते, वेल्डर तयार झाले होते, आणि रशिया आता पैसे मोजून जहाजं घेऊ लागला. जवळजवळ चाळीस वर्षं तेच मोठं गिऱ्हाईक. औसेकर, त्यांचा ऊस तो होता. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपला आणि तो ऊस एका हंगामात आटला. त्याच वर्षी राउमातल्या दोन्ही गोद्या एकत्र करून ‘फिनयार्ड्स’ केली. नंतर मालक बदलत गेले. आधी नॉर्वेचा आकर समूह, मग कोरियाची एसटीएक्स.

मालक बदलले तरी काम हलकं झालं नाही, हे बैठकीत जरूर सांगा. फिनलंडचा व्यापार समुद्रावर चालतो आणि कडक हिवाळ्यात बंदरं गोठतात. त्यामुळे बर्फ फोडत जाणारं जहाज बांधणं ही त्यांची पोटाची गरज, आणि त्यातच त्यांचा हात बसलेला. फेनिका, नॉर्डिका, बोट्निका ही बर्फफोडी जहाजं राउमाचीच. दक्षिण आफ्रिकेचं ‘अगुल्हास दुसरं’ हे १३४ मीटरचं ध्रुवीय जहाज इथंच बांधून २०१२ मध्ये दिलं. ध्रुवीय शोधक अर्नेस्ट शॅकल्टनचं १९१५ साली अंटार्क्टिकाच्या बर्फात चिरडून बुडालेलं ‘एन्ड्युरन्स’ २०२२ च्या मार्चमध्ये ३००८ मीटर खोलीवर सापडलं, ते शोधायला याच जहाजावरून माणसं गेली होती. बातमी आली तेव्हा मी राउमात होतो. कँटीनमध्ये दोन म्हाताऱ्या वेल्डरांनी मोबाईल मध्ये ठेवून फोटो मोठा करकरून बघितला. समुद्राच्या तळाचा नाही, वर उभ्या असलेल्या लाल जहाजाचा.

असं जहाज देऊन दीड वर्ष व्हायच्या आत, २०१३ च्या सप्टेंबरात, एसटीएक्सनं गोदी बंद करायचं जाहीर केलं. सुमारे ७०० जणांच्या नोकऱ्या. कोरियातली मूळ कंपनीच कर्जात होती, फिनलंडमध्ये त्यांना एकच मोठी गोदी ठेवायची होती, तुर्कूची. २०१४ मध्ये तीही त्यांनी विकली. जर्मनीच्या मायर कुटुंबाच्या कंपनीनं घेतली, सुरुवातीला फिनलंड सरकार भागीदार होतं. तेव्हाचं जगातलं सगळ्यात मोठं प्रवासी जहाज ‘आयकॉन ऑफ द सीज’ २०२३ मध्ये तिथूनच बाहेर पडलं, ३६५ मीटर लांब. क्लिपमध्ये बहुतेक लोक ते तुर्कूचं जहाज दाखवतात आणि नाव राउमाचं लावतात, तेवढं बघून घ्या.

आता तुमचा मुख्य प्रश्न. "गावानं" म्हणजे राउमाच्या नगरपालिकेनं. तिनं २०१४ मध्ये गोदीची जागा एसटीएक्सकडून विकत घेतली. म्हणून जागा तुकड्यातुकड्यानं विकली गेली नाही, क्रेन आणि गोदी जागेवर राहिली. पण नगरपालिका जहाजं बांधायला बसली नाही. तिनं तिथं औद्योगिक वसाहत केली आणि वेगवेगळ्या कंपन्यांना शेड भाड्यानं दिल्या. जहाज बांधणारी नवी कंपनी, राउमा मरीन कन्स्ट्रक्शन्स, ही त्यातलीच एक भाडेकरू. तीही २०१४ ची. लोक तिला आरएमसी म्हणतात. गोदी माहीत असलेली माणसं पांगायच्या आत ती उभी राहिली, हे फार महत्त्वाचं. नवं जहाज मिळेपर्यंत दुरुस्तीची कामं घेतली. पहिलं नवं जहाज, डेन्मार्कच्या बोर्नहोम बेटाची फेरी ‘हॅमर्सहुस’, २०१८ मध्ये दिलं. म्हणजे टाळं लागल्यापासून चार वर्षं.

त्यानंतर २०२१ मध्ये ‘ऑरोरा बोट्निया’. हिची गोष्ट आपल्या सभासदांना आवडेल. आखाताच्या या काठावरचं फिनलंडचं वासा आणि त्या काठावरचं स्वीडनचं उमेओ, या दोन शहरांनी मिळून मालकीची कंपनी काढली आणि आपल्यामधली फेरी बांधून घेतली. मग हेलसिंकी ते एस्टोनियातलं टालिन असं जाणारं ‘मायस्टार’, २१२ मीटर, २८०० प्रवासी, २०२२ च्या डिसेंबरात दिलं. मी पाइप बसवले नाहीत, कागदावर काढले, तरी ते जहाज धक्क्यावरून सुटलं तेव्हा मला रडू आवरलं नाही.

आणि फिनलंडच्या नौदलाच्या चार युद्धनौका. करार २०१९ चा, पहिलीचं बांधकाम २०२३ च्या ऑक्टोबरात सुरू झालं, २०२५ च्या मेमध्ये ती पाण्यात उतरली. हे सरकारी काम नसतं तर आरएमसीचा पाया एवढा पक्का झाला नसता असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून "गावानं केलं" हे अर्धंच खरं. जागा गावानं वाचवली, ऑर्डर देशानं आणि शेजाऱ्यांनी दिली.

अडचणीही सांगा. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियासाठी दोन मोठी फेरी जहाजं बांधायला घेतली आणि युक्रेनचं युद्ध सुरू झालं, पोलादापासून सगळं महागलं. शेवटी गिऱ्हाइकाला ठरल्यापेक्षा जास्त पैसे द्यावे लागले, नाहीतर काम पुरं होणं अवघड होतं. जहाज पुरं झालं तर टास्मानियात त्याला लागणारा नवा धक्का तयार नव्हता. ते स्कॉटलंडच्या लीथ बंदरात नेऊन उभं करावं लागलं.

बदनापूरकर

दादा, एवढं कोणी लिहून देईल असं वाटलं नव्हतं. दोनदा वाचलं, वडलांनाही वाचून दाखवलं. दोन शंका आहेत. तिथं सगळी माणसं कंपनीचीच असतात का? आणि ज्यांना काढलं ते ७०० परत आले का?

अंबाजोगाईचा पाइपवाला

सगळे नाही आले. काही तुर्कूला गेले, काहींनी धंदाच बदलला. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा माणूस मधली तीन वर्षं नॉर्वेत काम करून दर दोन आठवड्यांनी घरी यायचा. त्याला परत बोलावणं आलं तेव्हा त्याच्या बायकोनं आधी गोदीच्या फाटकापर्यंत गाडी नेऊन दिवे चालू आहेत का ते बघितलं, मग त्याला हो म्हणू दिलं.

आणि नाही, सगळी कंपनीची नसतात. आता जहाज म्हणजे आधी ठोकळे असतात. प्लेट कापायची, त्याचे पॅनल, पॅनलचे ठोकळे, त्यात जमेल तेवढे पाइप आणि केबल आधीच बसवायच्या, मग क्रेननं उचलून गोदीत एकाला एक जोडायचे. पाइप आतून बसवायला गेलं की वाकून, उलटं झोपून वेल्ड मारावं लागतं, म्हणून जेवढं बाहेर होईल तेवढं चांगलं. यातलं कितीतरी काम ठेकेदार करतात. इन्सुलेशन वेगळ्याचं, रंग वेगळ्याचा, केबिन कारखान्यातून तयार खोक्यासारखी येते आणि ढकलून बसवतात. तुमच्यासारखी दहा-पंधरा माणसांची वर्कशॉपंही मी तिथं बघितली. आरएमसीनं जुन्या गोदीएवढा पगारी ताफा पहिल्या दिवसापासून ठेवला असता तर चार वर्षं निघाली नसती.

केजचे निवृत्त इंजिनिअर

मी साखर कारखान्यात चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालो. बदनापूरकर, गोदीची गोष्ट चांगली आहे, पण तुमच्या हातात आज काय आहे ते मी सांगतो. कोणीही भाड्यानं घ्यायला आला तर पहिल्यांदा तीन गोष्टी बघणार : बॉयलर, टर्बाइन आणि मिलचे रोलर.

बॉयलर पाणी काढून, पूर्ण वाळवून, ड्रममध्ये कळीच्या चुन्याचे ट्रे ठेवून मॅनहोल बंद केला असेल तर ट्यूब अजून वाचलेल्या असू शकतात. चुना ओल ओढतो. तो दर काही महिन्यांनी बदलावा लागतो, तेवढं कोणी केलं असेल असं वाटत नाही, तरी बघा. पाणी तसंच राहिलं असेल तर आशा कमी. टर्बाइनचा रोटर नऊ वर्षं एकाच जागी पडला असेल तर वाक आला का ते डायल इंडिकेटर (बारीक वाक मोजायचं घड्याळ) लावून तपासावं लागेल. रोलरच्या जर्नलला (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या टोकाला) ग्रीस होतं का ते हातानं कळतं.

एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळा. मॅनहोल उघडला की लगेच आत डोकं घालू नका. बंद ड्रममध्ये गंज हवेतला प्राणवायू खाऊन टाकतो, माणूस आत गेला की बेशुद्ध पडतो. दोन्ही बाजू उघडून ब्लोअर लावा, हवा तपासून घ्या, बाहेर एक माणूस उभा ठेवा. आणि आत जाण्याआधी अवसायकांची, म्हणजे आता कारखाना ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची, लेखी परवानगी घ्या. नाहीतर उद्या एखादा पितळी व्हॉल्व्ह कमी निघाला की नाव तुमचं.

यादी करून बैठकीत ठेवा. काय शाबूत, काय दुरुस्त होणारं, काय भंगार. भंगारात काढा म्हणणाऱ्यांनाही ती यादी लागेलच.

औसेकर

हे पटलं. पाण्याचा आणि उसाचा प्रश्न मी सोडत नाही, पण यादी आधी व्हावी. आमच्याकडची शेडही अशीच पडून आहे, मीही विचारून बघतो.

बदनापूरकर

साहेब, वडील म्हणतात शेवटच्या हंगामानंतर त्यांनी स्वतः पाणी काढलं होतं आणि चुन्याचे सहा ट्रे ठेवले होते. नंतर आत जायला मिळालं नाही. परवानगीचा अर्ज आज लिहिलाय, उद्या देतो. डायल इंडिकेटर माझ्याकडे आहे, ब्लोअर शेजारच्या वर्कशॉपमधून मिळेल. हवा तपासायचं मीटर जालन्यात भाड्यानं मिळतं का, कोणाला माहीत असेल तर कळवा. वडील बाहेर उभे राहणार आहेत.