ऑटिझमचं निदान इतक्या घाईत का?

घोडबंदरकर :
आमच्या घोडबंदर रोडला अडीच वर्षांचं मूल बोलत नाही म्हटलं की अर्ध्या तासात 'ऑटिझम' (स्वमग्नता) लिहून हातात देतात. भाचीच्या मुलाचं तेच झालं. रक्ततपासणीत किंवा स्कॅनमध्ये हे दिसत नाही, सगळी भिस्त निरीक्षणावर आणि पालकांना विचारलेल्या प्रश्नांवर. त्यात निकष सारखे बदलतात. मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांवरून ऑटिझमचं वर्णन केलं. डीएसएम या मनोविकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तकात १९८० ला स्वतंत्र निदान आलं, १९९४ ला त्याचाच सौम्य प्रकार म्हणून अ‍ॅस्पर्गर जोडलं, २०१३ ला ते काढून सगळं 'स्पेक्ट्रम' या सौम्य ते तीव्र अशा एकाच निदानात घातलं. एवढ्या कच्च्या पायावर पोराचं भवितव्य ठरवायचं?

ऐरोलीची आई :
निकष बदलले म्हणूनच माझी मुलगी त्यात बसली. कॅनर यांच्या ११ जणांत मुली तीनच. पुढे कित्येक वर्षं तर आईच्या कोरडेपणामुळे ऑटिझम होतो असं डॉक्टरच सांगायचे, म्हणजे जुनं ते भलं असंही नाही. माझी लेक वर्गातल्या मुलींची वाक्यं पाठ करून तीच बोलायची, मधल्या सुट्टीत कानांवर हात ठेवून जिन्याखाली बसायची. सगळे म्हणाले, लाजाळू आहे. सातवीत निदान झालं, मग कुठे बाई तिला हट्टी म्हणायच्या थांबल्या.

घोडबंदरकर :
तुमच्या लेकीचं ऐकून वाईट वाटलं, ताई. पण तिला उशीर झाला आणि आमच्याकडे घाई झाली, दोन्हीकडे मुलाला पुरेसं पाहिलंच नाही ना?

वाशीची थेरपिस्ट :
दादांचं हे पटतं. आपल्याकडे दिव्यांग प्रमाणपत्रासाठी 'आयएसएए' ही ऑटिझम मोजायची भारतीय प्रश्नावली वापरतात. ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, बेरीज ७० पासून पुढे गेली की ऑटिझम. नवख्या खोलीत भेदरलेलं मूल नजरेला नजर देत नाही, तिथे गुण वाढतात. तेच मूल घरी आजीच्या मांडीवर बसून तिच्याकडे बघत हसतं. म्हणून घरचे व्हिडिओ, बालवाडीतल्या बाईंचं म्हणणं, श्रवण तपासणी, हे सगळं बघितल्याशिवाय अहवाल लिहू नये. पण निदानच नको म्हणाल तर मी विरोधात आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, पण प्रमाणपत्र नसेल तर परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मागताना पालकांची दमछाक होते.

घोडबंदरकर :
मग भाचीला दुसरं मत घ्यायला सांगतो. तोवर थेरपी थांबवू दे का?

ऐरोलीची आई :
अजिबात नको! बोलण्याची थेरपी चालू ठेवा. मूल बोलत नाही एवढं कारण त्यासाठी पुरेसं आहे.