आत्सुहिमे: माहेरचे सैन्य चालून आले तरी ती सासरीच का राहिली?

प्रश्न (कर्वेनगर, पुणे)

जपानी भाषा शिकणाऱ्या आमच्या गटाने एनएचके वाहिनीची ‘आत्सुहिमे’ ही 2008 सालची 50 भागांची मालिका नुकतीच पाहून संपवली. दक्षिणेकडील सात्सुमा प्रांतात, शिमाझू घराण्याच्या एका शाखेत 1836 साली जन्मलेल्या मुलीची ही कथा आहे. प्रांताधिपती नारिआकिरा तिला दत्तक घेतो, मग क्योतोच्या कोनोए या मानकरी घराण्यात ती पुन्हा दत्तक जाते आणि 1856 मध्ये 13व्या शोगुनची (सम्राटाच्या नावाने देशाचा कारभार करणाऱ्या लष्करी प्रमुखाची), म्हणजे तोकुगावा इएसादाची, पत्नी म्हणून एदोच्या (आजच्या तोक्योच्या) किल्ल्यात प्रवेश करते. लग्नाला दोन वर्षेही पुरी होत नाहीत तोच 1858 मध्ये पती वारतो आणि त्याच वर्षी नारिआकिराही जातो. पुढे 1868 मध्ये शोगुनशाहीविरुद्ध एदोवर जे शाही सैन्य चालून येते, त्याच्या आघाडीला तिच्या माहेरचे सात्सुमाचेच लोक असतात. तरीही ती परत जायचे नाकारते.

मालिकेच्या सुरुवातीला एक वृद्ध दाई तिला बजावते की स्त्रीची वाट एकच असते आणि त्या वाटेवरून मागे फिरणे लाजिरवाणे असते. तिचा नंतरचा निर्णय हे या उपदेशाचेच फळ मानायचे का? तसे असेल, तर इतकी सुंदर मालिका आपल्याला अखेर ‘दिल्या घरी राहावे’ एवढेच सांगते, आणि ते मला मनापासून खटकते. प्रत्यक्ष इतिहास काय सांगतो?

प्रतिसाद (सदाशिव पेठ)

आपली शंका रास्त आहे, पण ऐतिहासिक आत्सुहिमेचा निर्णय निव्वळ पतिनिष्ठेचा होता असे मला वाटत नाही. तिला शोगुनच्या वारसाच्या प्रश्नात तोकुगावांच्याच एका शाखेतल्या हितोत्सुबाशी योशिनोबुची बाजू लावून धरण्यासाठी पाठवले होते, असे मालिकेत ठसवले आहे. नारिआकिराची तशी इच्छा होती हे खरे. परंतु सोयरिकीची विचारणा मुळात शोगुनच्या घरून झाली होती, कारण इएसादाच्या आधीच्या दोन्ही पत्नी दरबारी घराण्यांतल्या होत्या आणि दोघीही लवकर वारल्या होत्या, तर 11व्या शोगुनची सात्सुमाहून आलेली पत्नी दीर्घायुषी ठरली होती. वारसाचा डाव साधला नाहीच; शोगुनचा प्रमुख कारभारी इई नाओसुके याने 1858 मध्ये इएमोचीला इएसादाचा दत्तक वारस म्हणून गादीवर आणले.

यानंतरचा भाग फार महत्त्वाचा आहे. वैधव्यानंतर ‘तेन्शोइन’ हे नाव घेतलेली ही स्त्री तोकुगावा घराण्यातली वडीलधारी झाली होती. इएमोची 1866 मध्ये ओसाकात वारला, तेव्हा त्याने मागे सांगून ठेवल्याप्रमाणे कामेनोसुके या लहान मुलाला वारस करावे असा तिने आग्रह धरला, म्हणजे ज्या योशिनोबुसाठी तिला तयार करून पाठवले होते त्याच्याच विरुद्ध ती उभी राहिली. माहेरच्या सांगण्याबाहेर तिचे स्वतःचे मत होते, याला आणखी कोणता पुरावा हवा? 1868 मध्ये सात्सुमाच्या सेनानायकाला लिहिलेल्या लांबलचक पत्रात तिने तोकुगावा घराणे राखावे अशी विनवणी केली आणि त्यात, अखेर शोगुन झालेल्या योशिनोबुवरचा रोष लपवला नाही. त्याला काय शासन करायचे ते करा, घराणे मात्र बुडवू नका, असा त्या पत्राचा रोख आहे. दाईचा उपदेश मुकाट्याने पाळणारी स्त्री असे पत्र लिहीत नाही.

प्रतिसाद (डेक्कन)

वरील प्रतिसादाशी सहमत असून त्यात आत्सुहिमेची सून काझुनोमिया हिची भर घालतो, कारण हाच प्रश्न तिलाही विचारता येतो. क्योतोचा सम्राट आणि एदोचा शोगुन यांचे नाते पुण्यातल्या वाचकाला समजायला अवघड नाही. पेशव्यांना साताऱ्याहून वस्त्रे मिळत, तशी शोगुनची नेमणूक सम्राटाकडून होत असे आणि कारभार मात्र शोगुनच्या हाती असे. सम्राट कोमेई याची ही बहीण 1862 मध्ये इएमोचीला दिली गेली. तिने एदोतही क्योतोच्या रीतीभाती सोडल्या नाहीत, त्यामुळे सासू-सुनेचे खटके उडाले, आणि मालिकेने हे खटके चांगलेच रंगवले आहेत. पुढे मात्र दोघींची वेळ सारखीच आली. एदोवर येणाऱ्या शाही सैन्याचा प्रमुख होता राजपुत्र अरिसुगावा तारुहितो, ज्याच्याशी काझुनोमियाचे लग्न आधी ठरले होते आणि मोडले गेले होते! सासूने सात्सुमाला लिहिले, सुनेने क्योतोच्या दरबाराला लिहिले. शाही सैन्याकडून सायगो ताकामोरी आणि शोगुनच्या बाजूने कात्सु काइशू यांच्या बोलण्यांतून किल्ला लढाईविना सुपूर्द झाला, त्याचे श्रेय या पत्रांना किती द्यावे यावर वाद होईल. पण दोघींनी आपापल्या माहेराचा उपयोग सासर वाचवण्यासाठी केला, हे नाकारता येत नाही.

प्रतिसाद (औंध)

मला मालिकेतला इएसादा सर्वांत जास्त आवडला. साकाई मासातो याने तो वेड पांघरलेला, आतून जागा असा उभा केला आहे. पतिपत्नी ‘गो’ या बैठ्या खेळाच्या पटावर पाच सोंगट्या ओळीत लावण्याचा साधा खेळ खेळत बसतात आणि त्या खेळात हळूहळू एकमेकांशी खरे बोलू लागतात, ते प्रसंग पुन्हा पाहण्यासारखे आहेत. जुन्या आठवणींतला इएसादा प्रकृतीने नाजूक, स्वतः रताळी उकडून गोडधोड करण्यात रमणारा असा दिसतो. त्याचे शहाणपण हा लेखिकेने केलेला अर्थ आहे, आणि सात्सुमाचा सरदार कोमात्सु तातेवाकी याचे आत्सुहिमेवरचे कोवळ्या वयातले प्रेम तर सरळसरळ कल्पनाच आहे.

मूळ प्रश्नाचे उत्तर मात्र मला किल्ला सोडल्यानंतरच्या 15 वर्षांत सापडते. ज्या कामेनोसुकेसाठी तिने 1866 मध्ये आग्रह धरला, तोच इएसातो या नावाने 1868 मध्ये घराण्याचा प्रमुख झाला, आणि त्याला वाढवण्याचे व शिकवण्याचे काम तिने अंगावर घेतले. 1877 मध्ये तो इंग्लंडला शिकायला गेला. पुढे 1903 पासून 30 वर्षे तो जपानच्या वरिष्ठ सभागृहाचा अध्यक्ष होता. तिने स्वतः 1883 मध्ये तोक्योत देह ठेवला, म्हणजे त्याचे हे यश तिला पाहायला मिळाले नाही. जिला केवळ मागे फिरायची लाज वाटत होती, तिने नेमून दिलेल्या घरात शांतपणे दिवस काढले असते. इथे तर हातातले काम पुरे करण्याची जिद्द दिसते. मालिकेने ही वर्षे शेवटच्या भागांत घाईने उरकली आहेत. आरंभीच्या कागोशिमातल्या (तिच्या माहेरच्या गावातल्या) भागांना थोडी कात्री लावून ती जागा इथे दिली असती, तर आपल्याला पडलेला प्रश्न कदाचित पडलाच नसता.