राजापूर ते रत्नागिरी-सिंधुदुर्ग

काहीजण म्हणतात की कोकणातल्या राजापूर लोकसभा मतदारसंघाचं फक्त नाव बदललं, बाकी तोच. तसं नाही. 2008च्या मतदारसंघ पुनर्रचनेत राजापूर मतदारसंघ गेला आणि 2009पासून रत्नागिरी-सिंधुदुर्ग आला. त्यात कणकवली, कुडाळ, सावंतवाडी आणि राजापूर, रत्नागिरी, चिपळूण असे सहा विधानसभा मतदारसंघ आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातलेच दापोली आणि गुहागर मात्र रायगड लोकसभा मतदारसंघाला जोडले. एकाच जिल्ह्याचे दोन खासदार! माझ्या मते हे चुकीचं झालं. दापोलीतल्या माणसाचं सगळं सरकारी काम रत्नागिरीला, पण त्याचा खासदार निवडला जातो अलिबाग-पेणच्या मतदारांसोबत.

जुन्या राजापूरची गोष्टच वेगळी. 1957पासून समाजवादी नेते नाथ पै इथले खासदार, त्यांच्या निधनानंतर 1971 ते 1991 समाजवादीच मधू दंडवते. 1984च्या काँग्रेस लाटेतही दंडवते निवडून आले, यातच सगळं आलं. हा मतदार मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर जगणारा होता, पण विचाराने स्वतंत्र.

आणि मुंबईचं काय? लालबाग-परळच्या चाळींतल्या कोकणी गाववाल्यांच्या खोल्या विसरू नका. दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीला लावलेल्या ट्रंका, पाळीपाळीने झोपणारे गिरणी कामगार, आणि रविवारी तिथेच गावच्या मंडळाची सभा. गावात कुणाला मत द्यायचं, याची अर्धी चर्चा तिथे व्हायची. आजही कोकणातले उमेदवार प्रचाराला मुंबईत येतात आणि मंडळांच्या बैठका घेतात. हा मतदारसंघ ग्रामीण खरा, पण मुंबई वगळून त्याचा इतिहास लिहिताच येणार नाही.