कुत्र्यांसह स्थलांतर: भाड्याच्या घरासाठी परिसर निवडताना बाग महत्त्वाची की दारापासूनची वाट?

दोन_पट्टे (धागाकर्ती)

कामानिमित्त येत्या दोन महिन्यांत आम्हाला दुसऱ्या शहरात राहायला जायचे आहे. सोबत दोन कुत्री आहेत: एक नऊ वर्षांची, मागच्या पायांत संधिवात असलेली लॅब्रॅडॉर मादी आणि दुसरा दीड वर्षाचा, मोठ्या आवाजाला बिचकणारा मिश्र जातीचा नर. घरे पाहायला लागल्यापासून भेटेल तो एकच सल्ला देतो आहे, की मोठ्या बागेजवळ घर घ्या, बाकीचे आपोआप जमते. मागच्या स्थलांतरात मी हा सल्ला तंतोतंत पाळला होता आणि तो मला चांगलाच भोवला, म्हणून हा धागा.

त्या घरापासून बाग नकाशावर जेमतेम 600 मीटरवर दिसत होती. मात्र त्या 600 मीटरांत एक अरुंद गल्ली होती आणि गल्लीत एका बंगल्याच्या लोखंडी फाटकाआड मोकळा सोडलेला राखणीचा कुत्रा होता, जो कोणतीही पूर्वसूचना न देता थेट फाटकावर झेप घेत असे. आमचा नर तेव्हा सात महिन्यांचा होता. तिसऱ्या आठवड्यापासून तो घराच्या पायरीवरच पुढचे पाय रोवून बसू लागला आणि ओढले तर गळ्यातला पट्टा कानांपर्यंत सरके, पण तो जागचा हलत नसे. मादीची अडचण वेगळी होती. गल्लीच्या तोंडाशी गटारावर लोखंडी जाळी होती, तिच्यावर पाय ठेवायला ती ठाम नकार देत असे आणि उडी मारून पलीकडे जाणे तिच्या पायांना झेपत नव्हते. परिणामी वर्षभर आम्ही बागेच्या शेजाराचे भाडे भरत राहिलो आणि कुत्री मात्र वाहनतळाच्या कडेने फिरत राहिली.

त्यानंतर मी एक साधा हिशेब मांडला. दिवसातून चार वेळा कुत्र्यांना खाली न्यायचे म्हटले तर वर्षाला 1,460 फेऱ्या होतात. त्यांपैकी बागेपर्यंत पोहोचणाऱ्या फेऱ्या, आपण कितीही उत्साही असलो तरी, चौथ्या हिश्श्यापेक्षा अधिक नसतात. उरलेल्या सगळ्या पहाटेच्या अंधारातल्या, पावसातल्या, कामाच्या घाईतल्या आणि रात्री झोपण्यापूर्वीच्या असतात, आणि त्या दारापासून पहिल्या दोन-तीनशे पावलांतच आटोपतात. म्हणून माझे मत असे, की परिसराची परीक्षा या दोन-तीनशे पावलांवर करावी: तिथे दोन कुत्री आणि समोरून येणारा एक माणूस एकमेकांना न घासता जाऊ शकतील का, समोरून अनोळखी कुत्रा आला तर बाजूला व्हायला दुसरी वाट आहे का, भर दुपारी सावली कोणत्या बाजूला पडते, दिवे लागतात का. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून ठेवता येत नसेल, तर त्या वेळी तो रस्ता कुत्र्याच्या तळव्यांसाठी बंद आहे असेच समजावे. ही पाहणी एजंट नेईल त्या सोयीच्या वेळी न करता पहाटे सहाला आणि रात्री अकराला करावी. आपली मते वाचायला आवडतील, विरोधी असतील तर अधिकच.

चावीवाला

विरोधी मत मागितले आहे, म्हणून देतो. माझ्या मालकीची दोन घरे मी भाड्याने देतो आणि स्वतः एका म्हाताऱ्या कुत्र्यासह भाड्याच्या घरात राहतो, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. आपण मांडलेली पाहणी अतिशय सुरेख आहे, परंतु ती ज्याच्यापुढे दहा घरांचा पर्याय आहे त्याच्यासाठी आहे. दोन कुत्री, त्यांतले एक मोठ्या अंगाचे, असे सांगितल्यावर दहातले एखादेच घर उरते, आणि मग परिसर आपण निवडत नाही, तोच आपल्याला निवडतो.

माझा क्रम उलटा आहे. आधी परवानगी, तीही लेखी, आणि रस्ता नंतर. ‘चालेल हो, कुत्र्यांचे काही नाही’ हे घरमालकाचे तोंडी आश्वासन त्याचा आणि तुमचा स्नेह टिकेल तोवरच टिकते. भाडेकरारात कुत्र्यांची संख्या, जात, अंदाजे वजन, दारे आणि जमिनीवरचे ओरखडे कोणी भरून द्यायचे, अनामत रकमेतून कशासाठी कापायचे, हे सारे आले पाहिजे. आणखी एक गोष्ट फारसे कोणी विचारात घेत नाही, ती म्हणजे घरमालकाची परवानगी ही इमारतीची परवानगी नव्हे. इमारतीचे स्वतःचे नियम असतात: कोणती लिफ्ट वापरायची, अंगणात कुत्रा आणायचा की नाही, मुसके बांधायचे की नाही. मी एका भाडेकरूला आनंदाने होकार दिला होता आणि तिसऱ्या दिवशी त्याला कळले, की कुत्र्याला मुख्य लिफ्टमध्ये नेता येत नाही आणि मालवाहू लिफ्ट रात्री नऊला बंद होते. घर सातव्या मजल्यावर होते. त्याच्या दारापासूनची दोनशे पावले उत्तम होती, पण त्या दारापर्यंत पोहोचायला 140 पायऱ्या होत्या.

रात्रपाळी

दोघांचेही म्हणणे पटले नाही. रस्ता, बाग, करार या सगळ्यांच्या आधी एक आकडा लिहून काढावा: या घरात राहिल्यास कुत्री दिवसाचे किती तास एकटी राहतील? प्रौढ कुत्र्याला सहा ते आठ तासांपेक्षा अधिक काळ लघवी रोखून धरायला लावणे योग्य नाही, आणि वय झालेल्या मादीच्या बाबतीत ही मर्यादा आणखी कमी होते. नऊ तासांच्या कामाला दोन्ही बाजूंचा दीड-दीड तासाचा प्रवास जोडला, की बारा तास होतात. मग दारापुढे नंदनवन असले तरी कुत्र्याला ते खिडकीतूनच पाहायचे आहे.

मी शहराच्या कडेला, झाडीतले, शांत घर सोडून गजबजलेल्या भागात, कामाच्या ठिकाणापासून चालत बारा मिनिटांवर राहायला आलो. इथे सावली नाही, गोंगाट आहे आणि आपल्या निकषांवर ही वाट नापास होईल. परंतु मी मधल्या सुटीत घरी येतो. किल्लीचा आवाज होताच आतून शेपटी दारावर आपटायला लागते, ती फेरी फार तर पंधरा मिनिटांची असते, आणि तेवढ्यावर उरलेली दुपार शांततेत जाते. जागा बदलल्यावर जुनी शांत कुत्रीही एकटेपणाने बिथरू शकतात, आणि असा आकांत बहुधा मालक गेल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात सर्वांत तीव्र असतो. म्हणून नव्या घरात पहिले काही दिवस फोन चालू ठेवून ध्वनिमुद्रण करावे. शेजारी सांगेपर्यंत थांबू नये.

दोन_पट्टे

@चावीवाला, मालवाहू लिफ्टची गोष्ट मी माझ्या प्रश्नांत जोडून घेतली आहे. तरीही एक शंका आहे. परवानगी मिळते तिथेच राहायचे, असे ठरवले तर आपण परिसर तपासण्याचे कष्ट घेणार कशाला? लेखी परवानगी असलेल्या घरातच माझे ते वर्ष गेले होते.

@रात्रपाळी, आपला आकडा मान्य. मात्र मधल्या सुटीत पंधरा मिनिटांची फेरी जमते ती खाली उतरताच कुत्रा मोकळा होतो म्हणून. माझा नर वाहनांच्या कर्कश आवाजात वीस मिनिटे शेपूट पोटाखाली घालून उभा राहतो आणि काहीही न करता वर येतो. अशा कुत्र्याच्या बाबतीत जवळच्या घराचा लाभ रस्त्यावरच संपतो.

भिंतीपलीकडे

मी कुत्रा पाळत नाही. मला कुत्र्यांचा तिटकारा नाही, पण इथवरची चर्चा वाचताना असे वाटले, की परिसर म्हणजे आपल्या कुत्र्यांच्या सोयीसाठी मांडलेले सामान आहे आणि त्यात राहणारी माणसे ही वाटेतल्या जाळीसारखी एक अडचण आहे. ज्या हिरवळीच्या पट्ट्याच्या शोधात आपण सगळे आहात, तिथेच आमची लहान मुले बसतात, माती उकरतात आणि तीच बोटे तोंडात घालतात. कुत्र्यांच्या आतड्यातल्या गोल जंतांची अंडी विष्ठेतून मातीत मिसळतात, दोन-तीन आठवड्यांनी संसर्गक्षम होतात आणि मग वर्षानुवर्षे मातीत टिकून राहतात. म्हणजे विष्ठा लगेच उचलली, तर धोका बहुतांशी टळतो आणि ‘संध्याकाळी येऊन उचलू’ म्हटले, की तो मागे राहतो. शेजारी चांगले मिळावेत असे प्रत्येकाला वाटते; आपणही कोणाचे तरी शेजारी होणार आहोत, हा मुद्दा पाहणीत कुठे आहे?

आमच्या भिंतीपलीकडे एक कुत्रा रोज सकाळी नऊ ते साडेनऊ रडतो. वर @रात्रपाळी यांनी लिहिलेला अर्धा तास तो हाच. मालकांना ते खरे वाटत नाही, कारण त्यांच्या देखत तो कधी भुंकलाच नाही. माझी सूचना अशी, की घर ठरवण्यापूर्वी दोन शेजाऱ्यांची दारे वाजवावीत आणि ‘आमच्याकडे दोन कुत्री आहेत, तुम्हाला काही अडचण आहे का’ असे विचारावे. त्यांच्या उत्तरापेक्षा उत्तर देण्यापूर्वी ते किती वेळ गप्प राहतात, त्यावरून अधिक समजेल.

टाके_तेवीस

इतकी चर्चा झाली आणि पशुवैद्याचा उल्लेख कोणीही केला नाही, याचे आश्चर्य वाटते. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांमध्ये पोटात वायू भरून जठराला पीळ पडतो. कुत्रा उलटी काढायचा प्रयत्न करतो पण काहीच बाहेर पडत नाही, पोट नगाऱ्यासारखे टणक होते, आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर तो दगावतो. माझ्या ग्रेट डेनला हे रात्री दीड वाजता झाले. त्या परिसरात दवाखाने तीन होते आणि तिन्ही रात्री आठनंतर बंद. चौथा, रात्रभर उघडा असणारा, वाहनाने चाळीस मिनिटांवर होता. तो वाचला, माझे टोपणनाव त्याच्या पोटावरच्या टाक्यांचे आहे. आता मी घर पाहण्यापूर्वी तो रात्रीचा दवाखाना शोधतो, तिथे खरोखर कोणी फोन उचलते का हे रात्रीच फोन करून पाहतो, आणि त्याच्याभोवती वीस मिनिटांच्या वाहनप्रवासाचे वर्तुळ काढून त्याबाहेरच्या घराकडे ढुंकूनही पाहत नाही. सावली, हिरवळ, शेजारी यांचे जे काय असेल ते त्या वर्तुळाच्या आत.

पहिलटकर

आमच्याकडे अडीच महिन्यांचे पिल्लू आहे आणि आम्हालाही पुढच्या महिन्यात जागा बदलायची आहे. बागेजवळचे घर पिल्लासाठी तरी योग्य म्हणावे का?

टाके_तेवीस

@पहिलटकर, सध्या तरी बाग हा लाभ नसून जोखीम आहे. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत अनेक महिने जिवंत राहतो आणि तिथे कोणते आजारी पिल्लू बसून गेले ते दिसत नाही. प्राथमिक लसींची शेवटची मात्रा 16 आठवडे किंवा त्यानंतर दिली जाते, तोवर जिथे खूप कुत्री येतात ती जमीन टाळावी. मात्र पिल्लाला घरात कोंडूनही ठेवू नये, कारण तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्याच्या काळात जे आवाज, माणसे, वाहने ते निर्धास्तपणे पाहते, त्यांची धास्ती पुढे कमी राहते. कडेवर घेऊन गजबजलेल्या रस्त्याच्या कडेला दहा मिनिटे उभे राहावे. या बाबतीत मी @रात्रपाळी यांच्या गोंगाटाच्या बाजूने आहे. अगदी शांत परिसरात वाढलेले पिल्लू पुढच्या स्थलांतरात धागाकर्तींच्या नरासारखे वागू शकते.

दोन_पट्टे

नर पाच महिन्यांचा असताना आमच्याकडे आला, त्यापूर्वी त्याने काय पाहिले ते आम्हाला माहीत नाही. दीड वर्षाच्या कुत्र्याला गोंगाटात नेऊन उभे करण्याने तो धीट होत नाही, उलट अधिक बिचकतो, हे आम्ही अनुभवाने शिकलो आहोत.

या सप्ताहअखेरीस दोन घरांची पाहणी केली. पहिले बागेला लागून, तिसऱ्या मजल्यावर, परवानगी लेखी, लिफ्टला बंधन नाही. दुसरे बागेपासून दूर, तळमजल्यावर, मागे एक रुंद आणि रहदारी नसलेला रस्ता. रात्री अकराला दोन्ही कुत्र्यांसह गेलो. पहिल्या इमारतीचा प्रवेशकक्ष गुळगुळीत चकचकीत फरशीचा आहे. मादीचे मागचे पाय दोन वेळा फाकले आणि ती मधोमध बसून राहिली, मग आम्ही पायपुसणे पुढे पुढे सरकवत तिला लिफ्टपर्यंत नेले. बाग रात्री कुलूपबंद असते, हेही तेव्हाच कळले. दुसऱ्या ठिकाणी नराने रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन चार खांब हुंगले आणि स्वतःहून पुढे ओढू लागला.

दुसऱ्या घरापासून काम पन्नास मिनिटांवर आहे, रात्रीचा दवाखाना पंचवीस मिनिटांवर. म्हणजे @रात्रपाळी आणि @टाके_तेवीस या दोघांच्याही कसोटीवर ते थोडक्यात नापास आहे. दुपारी एकदा येऊन कुत्र्यांना खाली नेणारे कोणी नेमावे लागेल आणि तो खर्च भाड्यातच धरला आहे. शेजारच्या दोन्ही दारांवर टकटक केली. एका घरातल्या आजी लगेच बाहेर येऊन मादीशी बोलू लागल्या. दुसऱ्या दारातले गृहस्थ काही क्षण गप्प राहिले आणि मग म्हणाले, की सकाळी त्यांना झोप लागते ती सातनंतर, तेवढे पाहा. मी सकाळची फेरी मागच्या दाराने नेईन, असे त्यांना सांगून आले आहे.

भिंतीपलीकडे

मागच्या दाराने नेणे चांगले, पण ते सांगून झाल्यावर पहिल्या आठवड्यात ध्वनिमुद्रणही करावे आणि ते त्या गृहस्थांना आपण होऊन ऐकवावे.

चावीवाला

घर तळमजल्यावर असल्याने माझा लिफ्टचा आक्षेप मागे घेतो, करारावरचा नाही. मागचे दार भाडेकरूला वापरता येईल, असे त्यात लिहून घेतले आहे का? माझ्या एका घराला असे दार आहे आणि त्याची किल्ली मी कोणत्याही भाडेकरूला देत नाही.

दोन_पट्टे

लिहून घेतलेले नाही. सही परवा आहे, उद्या विचारते.