स्टॅन लीनं ‘एकट्यानं’ उभं केलं म्हणे!

वैनगंगाकाठ: काल आपल्या वडस्याच्या पोरानं लिहिलं, मार्व्हल कॉमिक्सचा लेखक-संपादक स्टॅन ली याच्यावरचा माहितीपट पाहून डोळे भरून आले, एकट्या माणसानं अख्खं मार्व्हल उभं केलं. रात्रभर तेच डोक्यात. मी पण पाहिला तो, डेव्हिड गेल्बचा, २०२३ चा. जवळपास दीड तास बहुतेक लीसाहेबच बोलून राहिले. नवरदेवही तेच, बँडवालेही तेच! सिल्व्हर सर्फर हे पात्र आठव. १९६६ मध्ये चित्रकार जॅक कर्बीनं तो आपल्या मनानं ‘फँटास्टिक फोर’ या कॉमिकच्या पानांत काढला. लीनं पानं पाहिली तेव्हा त्याले समजलं. हे खुद्द लीनंच सांगून ठेवलं आहे. मग ‘एकट्यानं’ कसं?

वडस्याचा पोरगा: आला कर्बीचा वकील! भाऊ, त्या फुग्यांमधली वाक्यं काढून पाह्य, काय उरते? आन पहिल्या पानावर चित्रकार, शाईवाला, अक्षरवाला, सगळ्यांची नावं कोन छापत होतं? लीच ना? कर्बी १९७० मध्ये डीसी या दुसऱ्या कॉमिक्स कंपनीत गेला, ‘न्यू गॉड्स’ स्वतः लिहिलं, स्वतःच काढलं. अकरा अंकांत गुंडाळलं डीसीनं.

धानपट्टा: तुम्ही दोघं हे इंग्रजी कॉमिक्स वाचले कधी बाप्पा? आमच्या एसटी स्टँडवर तं चाचा चौधरी आन नागराजच भेटे. तेही हिंदीत, तेही फाटके.

वैनगंगाकाठ: @वडस्याचा पोरगा, कर्बीच्या पोरानं, नीलनं, या माहितीपटावर जाहीर आक्षेप घेतला, तो काय उगाच? गोष्ट थोडक्यात सांगायची, चित्रकारानं पानंच्या पानं रचायची, मग वरून संवाद भरायचे. यालेच मार्व्हल पद्धत म्हणतात. आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत दुसरं काय होते? पोस्टरवर अर्धी जागा मुंबईच्या नटीची, बाकी कंपनीची. माहे मोठे बाबा नाटकाचे पडदे रंगवत. एकाच कंपनीत अकरा सीझन. जंगलाच्या पडद्यावर सागाच्या बुंध्यात त्यायनं बारीक अक्षरात आपलं नाव टाकलं. मालकानं त्यायच्याच हातानं पुसाले लावलं.

वडस्याचा पोरगा: मालकाले शिव्या देनं लय सोपं आहे. माह्या काकाची कंपनी होती. मंडईच्या, म्हंजे गावच्या जत्रेच्या, रात्री नाटक होतं, पाऊस आला, गावानं ठरलेले पैसे दिले नाहीत. काकानं एक एकर धानाची जमीन विकून नटांची, तबलेवाल्याची बिदागी चुकवली. तेव्हा कोनता पडदेवाला आला होता अर्धा तोटा वाटून घ्याले? तुह्या मोठ्या बाबाले पैसे भेटले का नाही, तेवढं सांग.

वैनगंगाकाठ: भेटले. कर्बीलेही पानामागं भेटत होते. नाव आन हक्क मागाले गेल्यावर सगळ्यांच्या भुवया चढतात. त्याच्या वारसांची मार्व्हलसोबत तडजोड झाली २०१४ मध्ये. मानूस १९९४ मध्येच गेला.

मास्तर लाखांदूर: झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा झाडीपट्टी आठवली सगळ्यांना. नटाला मिळते तरी. पडदे रंगवणाऱ्याला? आणि धाग्याचा विषय स्टॅन ली होता ना? शिव्या कमी करा, पोरं वाचतात.

धानपट्टा: मास्तर, तुमी नाटकात परवेशावर झोपले होते, ते सांगू का?

वडस्याचा पोरगा: बरं बाप्पा, सर्फर कर्बीचा. घेऊन जा घरी. पन तो बोलते लीच्याच शब्दांत, ते कोठी ठेवशील? आन स्पायडर-मॅनचं काय?

वैनगंगाकाठ: त्याचा पोशाख, भिंतीवर चढायची ढब चित्रकार स्टीव्ह डिटकोची. १९९९ मध्ये लीनंच चिठ्ठी काढली, डिटकोले मी सहनिर्माता ‘मानतो’. ‘आहे’ म्हनता नाही आलं, ‘मानतो’ म्हने! त्या एका शब्दात पुरा मालक दिसते.

धानपट्टा: तो जंगलाचा पडदा आहे का अजून? फोटो टाक ना.

वैनगंगाकाठ: आहे. मळणीच्या वक्ती धानावर टाकतो, अर्धं जंगल उंदरानं खाल्लं. फोटो टाकतो, पन पहिले याले कालच्या पोस्टमधून ‘एकट्यानं’ काढाले सांगा.

वडस्याचा पोरगा: काढलं. ‘जवळपास एकट्यानं’ केलं. आता टाक फोटो.