दुधाळ गिअर ऑइल: प्रोपेलरचं सील बदललं तरी पाणी शिरतंच आहे

जुनीमोटार:
होडीच्या मागे लावायची (आउटबोर्ड) मोटार, 1958 ची इव्हिनरूड, 18 एचपी, साधा हाताचा गिअर. जुनं ऑइल दुधाळ निघालं म्हणून प्रोपेलर शाफ्टचं ऑइल सील बदललं, 80डब्ल्यू-90 भरलं. तीन तास चालवल्यावर ऑइल पुन्हा दुधाळ. गंमत म्हणजे बाहेर ऑइलचा एक थेंब दिसत नाही. ऑइल बाहेर येत नसताना पाणी आत कसं जातं? आणि या मोटारीला 90 नंबरऐवजी टाइप सी हवं, असंही ऐकलं. नक्की काय?

वंगण_९०:
आधी ऑइलचं सांगतो, ते सोपं आहे. टाइप सी हे पातळ ऑइल साठच्या दशकातल्या इलेक्ट्रिक शिफ्टच्या, म्हणजे विजेने गिअर बदलणाऱ्या गिअरकेससाठी (गिअरकेस म्हणजे पाण्याखाली राहणारी गिअरची पेटी). त्यांत क्लचची स्प्रिंग हबला आवळून धरते. जाड हायपॉइड (गिअरचं नेहमीचं) ऑइल घातलं की पकड सुटते आणि गिअर घसरतो. तुमची साध्या गिअरची आहे, तिला 80डब्ल्यू-90 हायपॉइड किंवा मरीन गिअर ल्युब चालतं. मरीनचं थोडं बरं, कारण पाणी मिसळलं तरी त्याची वंगणाची ताकद लगेच जात नाही. ब्रिटिश सीगल या दुसऱ्या जुन्या आउटबोर्डवाल्यांनी मात्र हे वाचून घाबरू नये. त्यांच्या जुन्या गिअरबॉक्सला धड सीलच नसतं, 140 नंबर भरायचं आणि ते दुधाळ होणारच असं धरून वरचेवर बदलायचं.

आता पाणी. चालताना गिअरकेस तापते, आतली हवा फुगते. मोटार बंद झाली की भोवतीचं थंड पाणी तिला पटकन गार करतं, हवा आकसते आणि आत ओढ तयार होते. सीलचा लिप (शाफ्टवर टेकणारी मऊ कड) ऑइलच्या बाजूला तोंड करून असेल तर आतल्या दाबाने तो शाफ्टवर आणखी घट्ट बसतो. उलट ओढ लागली की तोच लिप उचलला जातो. म्हणून ऑइल गळत नाही आणि पाणी शिरतं.

शाफ्टआणिसील:
वरचं बरोबर आहे. त्यामुळे अंदाजाने एकेक सील बदलत बसू नका, आधी गळतीची जागा शोधा. पाण्याला वाटा बऱ्याच आहेत: प्रोपेलर शाफ्टचं सील, त्यामागच्या गिअरकेस हेडची ओ-रिंग, वॉटर पंपाखालचं ड्राइव्हशाफ्टचं (इंजिनाकडून खाली येणाऱ्या उभ्या शाफ्टचं) सील, शिफ्ट रॉडची (गिअर बदलणाऱ्या दांड्याची) ओ-रिंग, खालच्या स्केगच्या (तळाच्या पंखाच्या) जोडातली दोरीसारखी गोल पॅकिंग आणि ऑइलच्या दोन्ही स्क्रूंचे (खालचा ड्रेन, वरचा व्हेंट) वॉशर. यातली शिफ्ट रॉडची ओ-रिंग सगळ्यांत जास्त विसरली जाते, कारण ती वरच्या पायाच्या आड असते. गिअरकेस उतरवल्याशिवाय दिसतच नाही.

चाचणी अशी. ऑइल पूर्ण काढा, खालचा स्क्रू नव्या वॉशरसह लावा, वरच्या व्हेंटच्या भोकात (3/8-16 चे आटे) हवेचा अडॅप्टर बसवा. हातपंपाने आधी 3 ते 5 पीएसआय भरा आणि गिअरकेस पाण्याच्या बादलीत बुडवा. बुडबुडे नसतील तर 10 पर्यंत जा, पाच मिनिटं थांबा. दोन्ही शाफ्ट फिरवून आणि शिफ्ट रॉड वरखाली करूनही बघा. स्थिर असताना न गळणारं सील हलवल्यावर गळतं. वॉटर पंपाचं पात्यांचं चाक (इंपेलर) जागेवर असेल तर ड्राइव्हशाफ्ट वरून बघून घड्याळाच्या दिशेनेच फिरवा, नाहीतर पाती उलटी वळतात. नंतरच्या मोटारींच्या पुस्तकांत 16-18 पीएसआय लिहिलेलं असतं. साठ वर्षांच्या सीलवर तो प्रयोग नको.

दाबाची चाचणी पास झाली म्हणजे काम झालं असं नाही. व्हॅक्यूम पंपाने 3 ते 5 इंच पारा, मग 15 पर्यंत ओढा. संशय असेल त्या सीलभोवती ऑइल लावा. ते आत ओढलं गेलं तर चोर तोच.

जुनीमोटार:
दाबात काही नाही. व्हॅक्यूममध्ये दोन जागा सापडल्या: शिफ्ट रॉड आणि नवं घातलेलं प्रोपेलरचं सीलसुद्धा! नवं सील का गळावं?

शाफ्टआणिसील:
तीन शक्यता. एक, शाफ्टवर जुन्या लिपने चर पाडला असेल. नख फिरवा, अडकलं तर नवा लिप तिथे टेकणारच नाही. दोन, सरकवताना शिअर पिनच्या (प्रोपेलर शाफ्टला जोडणाऱ्या पिनच्या) भोकाच्या धारेने लिप कापला गेला. सील घालण्याआधी भोकावर चिकटपट्टीचा एक वेढा घ्या, लिपला ग्रीस लावा, बसल्यावर पट्टी काढा. तीन, सील उलटं बसलं. स्प्रिंगची बाजू ज्याला अडवायचं त्याच्याकडे. पाठीला पाठ लावून दोन सील असतील तर आतलं ऑइलकडे बघतं, बाहेरचं पाण्याकडे. प्रोपेलरपुढच्या थ्रस्ट वॉशरमागे मासेमारीची तंगूस गुंडाळली आहे का तेही पाहा. ती लिप कापते.

चर असेल तर पातळ स्टेनलेसची दुरुस्ती स्लीव्ह चढवा. तिची जाडी साधारण 0.28 मिमी असते, त्यामुळे सील मूळ मापाचंच राहतं.

वंगण_९०:
स्लीव्हआधी एक फुकटचा उपाय: सील बसतं त्या खोबणीत (सीलच्या घरात) जागा असेल तर नवं सील दीड-दोन मिमी मागेपुढे बसवा, लिप कोऱ्या जागेवर येतो. खोल चर आणि गंजाचे खड्डे असतील तर मात्र स्लीव्हच.

जुनं सील काढताना पेचकसाने उचकटू नका, ॲल्युमिनियमच्या घरावर ओरखडा पडला की तीही गळतीची वाट. सीलच्या पत्र्याला समोरासमोर दोन बारीक भोकं पाडून त्यांत स्क्रू फिरवा आणि ओढून काढा. नवं सील बाहेरच्या कडेवर टेकणाऱ्या सॉकेटने सरळ बसवा, पत्र्याला बाहेरून गास्केट कंपाउंडचा पातळ हात. स्केगच्या जोडात सिलिकॉन भरायचा मोह टाळा. गोल पॅकिंग आणि तेच कंपाउंड पुरतं. जास्तीचं सिलिकॉन आत सुटून बेअरिंगपर्यंत जातं.

नट_बोल्ट:
वर कुणी म्हटलं नाही म्हणून: बऱ्याच ओएमसी (इव्हिनरूड बनवणारी कंपनी) गिअरकेसवर खालच्या ड्रेनजवळ चौफुली खाचेचा एक स्क्रू असतो. तो ड्रेन नाही! शिफ्टची लिव्हर ज्या खिळीवर फिरते ती तिथे बसते. काढला तर लिव्हर आत सुटते आणि गिअरकेस खोलल्याशिवाय परत बसत नाही. ड्रेनच्या स्क्रूला मोठी सरळ खाच असते.

भरण्याआधी दुधाळ अवशेष धुवा: पातळ इंजिन ऑइलमध्ये थोडं डिझेल मिसळून अर्धं भरा, शाफ्ट हाताने फिरवा, काढा, स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा. भरायचं नेहमी खालच्या भोकातून, मोटार उभी ठेवून, सावकाश. वरून ओतलं की आत हवा अडकते, पातळी पुरेशी वाटते पण नसते. वरच्या भोकातून बुडबुड्याशिवाय धार आली की आधी वरचा स्क्रू लावा, मग पंप काढून पटकन खालचा. दोन्हींना नवे वॉशर. जुने आटे जपून, फार आवळू नका.

गिअरकेस परत चढवताना ड्राइव्हशाफ्टच्या स्प्लाइनच्या (टोकाजवळच्या उभ्या दात्यांच्या) बाजूंना ग्रीस लावा, टोकावर नको. टोकावरचं ग्रीस अडकून शाफ्ट पूर्ण बसू देत नाही.

तासभर चालवून मोटार रात्रभर उभी ठेवा. सकाळी खालचा स्क्रू जेमतेम सैल करा. पाणी असेल तर तळाला बसलेलं असतं, ते सर्वांत आधी येतं. स्वच्छ ऑइल आलं तर लगेच आवळा. स्क्रूवर राखाडी बारीक लेप असेल तर चालतं, चकाकणारे तुकडे असतील तर गिअर बघायला लागतील.