प्रीती भावना की रोजचा निर्णय?

सांजवात:
परवा एका लग्नात चर्चच्या पाळकसाहेबांनी बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय वाचला, प्रीतीवरचा. आमच्याकडे बहुतेक लग्नांत वाचतात. पण हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने तो नवरानवरीसाठी लिहिला नव्हता. करिंथ शहरातली मंडळी, म्हणजे तिथलं चर्च, आपसात भांडत होती. भाऊ भावाला कोर्टात खेचत होता, येशूच्या आठवणीत एकत्र घ्यायच्या प्रभुभोजनाला काही जण पोटभर खात नि काही उपाशी राहत. अशांना तो सांगतो, ‘प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे.’ मूळ ग्रीकमध्ये ही क्रियापदं आहेत. प्रीती काय करते, ते सांगितलंय.

माझ्या सासूबाईंना विस्मरण झालंय. चहा दिला की कपबशी विसळून होत नाही तोवर विचारतात, “आज चहा नाही का केला?” याच बाईंनी वीस वर्षं माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली. माया दाटून येत नाही, खोटं कशाला सांगू? तरी परत अर्धा कप ठेवते, बशीत ओतून निववून देते. येशू आपल्यामागे येणाऱ्याला स्वतःचा वधस्तंभ उचलायला सांगतो ते बायबलमधल्या तीन शुभवर्तमानांत आहे, पण ‘दररोज’ हा शब्द त्यांतला लूकच देतो. मी त्या शब्दावर दिवस काढते. प्रीती ठरवूनच करावी लागते.

नदीकाठ:
ताई, मी चहा पिणाऱ्याच्या बाजूने बोलतो. माझे वडील दोन वर्षं अंथरुणावर होते. औषधं, अंग पुसणं, कूस बदलणं, एक दिवस चुकवला नाही. एकदा पाठीला पावडर लावताना म्हणाले, “सगळं करतोस रे, पण बसत नाहीस.” ठरवून केलेलं त्यांना कळत होतं. लोकसमुदाय पाहून येशूला कळवळा आला, असं मत्तय त्याच्या शुभवर्तमानात लिहितो. त्या ग्रीक शब्दात आतडी आहेत, आपण आतडं तुटणं म्हणतो तसंच. मेलेल्या लाजराला जिवंत उठवणार हे ठाऊक असूनही येशू रडला. आतून काही हललंच नाही, तर ती सेवा झाली. तिला प्रीती म्हणवत नाही मला.

चिंचेचं झाड:
दोघांनाही सांगते. माझ्या बहिणीला नवरा मारायचा. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी याच अध्यायातलं ‘सर्व काही सहन करते’ दाखवून तिला दोनदा परत पाठवलं. प्रीती अनीतीत आनंद मानत नाही, हे त्याच्याच आधीचं वचन कुणी वाचलं नाही. नाही म्हणायची मुभा नसेल तर निवड कसली? १८९५ला कवी ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे नांदायला आल्या त्याही आपला हिंदू धर्म राखून. १९००मध्ये बाप्तिस्मा घेतला तो स्वतःला पटल्यावर. ही निवड मला मान्य आहे.

सांजवात:
चिंचेचं झाड, पूर्ण पटलं. मार खात राहणं याला मी प्रीती म्हणणार नाही, आणि तसं सांगणाऱ्याला भर मंडळीत अडवीन.
नदीकाठ, ‘बसत नाहीस’ जिव्हारी लागलं. पण बसणंही ठरवावंच लागतं ना? आज स्वयंपाकघरातलं स्टूल सासूबाईंच्या खाटेपाशी नेऊन ठेवलंय.

नदीकाठ:
स्टूल ठेवलंत, बरं वाटलं. मत मात्र तेच. ‘मी येशूला ओळखत नाही’ असं तीनदा नाकारणाऱ्या शिष्य पेत्राला येशूने तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का? मेंढरं चारायचं, म्हणजे त्याच्या माणसांना सांभाळायचं, त्यानंतर सांगितलं.

सांजवात:
पण तिन्ही वेळा सांगितलंच.